पत्ते लपवणाऱ्या आईचं वर्षश्राद्ध

ताई, नमस्कार.

गेल्या माघात माझी आई गेली. ७६ वर्षांची होती. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. सकाळी विधी, दुपारी जेवण आणि जेवणानंतर जमलेल्या नातेवाइकांसमोर मी आईविषयी पाच-दहा मिनिटं बोलायचं, असं ठरलंय. दादा एक छोटी पुस्तिकाही छापतोय, तिच्यात माझा लेख हवाय. मी लिहायला बसते आणि अडते.

आई जुन्या नाशकातली, तिवंध्याजवळ वाढलेली. लग्न होऊन नाशिकरोडला आली. बाबा प्रेसमध्ये होते. ‘आमचे हे दिवसभर नोटा छापतात आणि एक तारखेला मोजक्याच घरी आणतात,’ हे ती येईल त्या पाहुण्याला सांगायची. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या रंगपंचमीला ती जावयाला रहाड, म्हणजे रंगपंचमीचा रंगाने भरलेला जुना हौद, दाखवायला घेऊन गेली आणि काठावरून ढकलून दिलं. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की आम्हा सगळ्यांना होळकर पुलावर न्यायची. पत्त्यांत सर्रास फसवायची, नातवंडांनाही सोडलं नाही. ती गेल्यावर तिच्या पोथीत खुणेला ठेवलेला चौकट गुलाम सापडला. माझा मुलगा तो कधीपासून शोधत होता. (धाकटी मावशी गेली तेव्हा मात्र आई महिनाभर कोणाशी धड बोलली नव्हती. मग एका दुपारी स्वतःच कॅट काढून पिसत बसली.)

दादा म्हणतो, ‘लोकांपुढे आईचं हसं करू नकोस. ती सोशिक होती, धार्मिक होती, तेवढं लिही.’ मुलं म्हणतात, संध्याकाळी आजीच्या नावाने झब्बू खेळू. बाबा तर आईचं नाव निघालं की उठून आत जातात. आणि मला तिची आठवण आली की आधी हसू येतं, मग हसल्याचं वाईट वाटतं. कधी वाटतं, आपलं तिच्यावर प्रेमच कमी होतं की काय.

शेवटचं विचारू की नको असं होतंय. वर्षश्राद्ध झालं की महिन्याभरात रंगपंचमी. मला रहाडीत उडी मारायची आहे. वय ४९. वेड लागलंय का मला?

— एक लेक, इंदिरानगर


नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी हसण्याचं बघू, कारण तुम्हाला झोप त्यानेच लागत नसावी.

डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९७मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या माणसांना त्यांनी त्या जोडीदाराविषयी बोलायला सांगितलं आणि बोलताना त्यांचे चेहरे टिपले. काही जण मध्येच मनापासून हसले, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतील असं. हसणाऱ्यांच्या मनात राग कमी आणि आनंद जास्त होता, आणि गेलेल्या माणसाबरोबरच्या आपल्या नात्याबद्दल ते जास्त समाधानाने बोलत होते. यावरून कोणी ‘हसा म्हणजे दुःख जाईल’ असा काढा पाजायला आलं तर घेऊ नका, अभ्यासात तसं काही म्हटलेलं नाही. पण हसू येणं म्हणजे प्रेम कमी, हा तुमचा हिशेब चुकलेला आहे एवढं त्यातून नक्की कळतं. जिने आयुष्यभर तुम्हाला हसवलं तिची आठवण दुसऱ्या कुठल्या दाराने येणार? हसल्यावर लगेच भरून येत असेल तर तेही येऊ द्या. दोन्ही एकाच मिनिटात होतं, त्यात विचित्र काही नाही.

आणि आपण नाशिककरांनी तरी गेलेल्या माणसांच्या बाबतीत फार सोवळेपणा दाखवू नये. धुळवडीला आपल्याकडे वीर निघतात. घराण्यातल्या पूर्वजांचे टाक, म्हणजे धातूवर उठवलेल्या प्रतिमा, हातात घेऊन, हलगीच्या तालावर नाचत, पोरांना देवादिकांचे वेश चढवून माणसं रामकुंडावर येतात, टाकांना गंगेत आंघोळ घालतात आणि पुन्हा वाजतगाजत घरी नेतात. त्या गर्दीत पूर्वजांचा अपमान झाला असं म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. तुमच्या दादाला हे ऐकवा असं मात्र सांगत नाही. वादात दाखला दिला की समोरचा दुसरा दाखला आणतो, आणि तुमच्यातला तंटा दाखल्यांचा नाहीच.

दादाचं काय असेल याचा मी अंदाज करते, चूक असेल तर सोडून द्या. पत्रात तुम्ही सांगितलेले बहुतेक प्रसंग तुमच्या लग्नानंतरचे आहेत, नातवंडांचे आहेत. तुमच्या दोघांच्या लहानपणचं फारसं काही नाही. दादा तुमच्याहून मोठा. त्याच्या वाट्याला जी आई आली ती विशीतली सून होती. घरात सासू-सासरे असतील, कदाचित दीर-नणंदाही. प्रेसच्या पगारात महिना काढायचा आणि पदर डोक्यावरून ढळू द्यायचा नाही. त्या बाईला पत्ते लपवायला फुरसत होती का? तुम्हाला जी मिळाली ती थोडी सैल झालेली आई, आणि तुमच्या मुलांना मिळाली ती पूर्ण मोकळी सुटलेली आजी. एकाच घरात तीन पिढ्यांना तीन वेगळ्या बायका मिळतात आणि मग सगळे जण भांडतात की खरी कोणती. दादा ‘सोशिक’ म्हणतो तेव्हा तो कदाचित वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या चौकटीतला शब्द उचलत नसेल. त्याने तिचं सोसणं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं असेल, आणि आता सगळे तिला ‘धमाल आजी’ म्हणतायत म्हणजे ते सोसणं पुसलं जातंय, असं त्याला वाटत असेल.

म्हणून त्याला पटवायला जाऊ नका, विचारायला जा. ‘दादा, तू शाळेत होतास तेव्हा आई कशी होती? ती हसायची का रे तेव्हा?’ एवढाच प्रश्न. सगळ्यांसमोर नको, वहिनी आणि मुलं नसताना. तो जे सांगेल ते लिहून घ्या आणि पुस्तिकेत त्याच्या नावाने येऊ द्या. तुमच्या लेखापेक्षा तो मजकूर चांगला निघाला तर राग मानू नका.

आता तो कंस.

धाकटी बहीण गेल्यावर आई महिनाभर बोलली नाही, आणि मग एका दुपारी आपण होऊन पत्ते पिसत बसली. तुमच्या आईविषयी मला या एका ओळीतून जेवढं कळलं तेवढं रहाडीच्या गोष्टीतून कळलं नाही. रहाडीची गोष्ट फक्कड आहे, मी ती घरी दोघांना सांगूनही झाले. पण तिच्यावरून एवढंच दिसतं की बाई खट्याळ होती. कंसातली ओळ सांगते की तिचा खट्याळपणा तिला फुकट मिळालेला नव्हता. ती गप्प बसू शकत होती. गप्प बसायला कारण होतं. आणि तिने एका दुपारी ठरवलं की पुरे. त्या दिवशी तिच्यासमोर कोण बसलं खेळायला? ती हसत होती का, की नुसतीच पानं वाटत होती? पहिला डाव कोण जिंकलं? तुम्हाला आठवत नसेल तर ज्यांना आठवत असेल त्यांना विचारा. बाबा त्या घरात होते.

माझं म्हणणं असं की तुमच्या भाषणाचा कणा ही दुपार असावी. बाकीच्या गमती तिच्या आगेमागे येऊ द्या. नुसत्या गमती सांगितल्यात तर लोक हसतील, ‘काय बाई होती हो’ म्हणतील आणि सुपारी तोंडात टाकून निघतील. शिवाय एक धोका आहे, तो मी बऱ्याच घरांत पाहिलाय. गेलेल्या माणसाच्या दोन-तीन गोष्टी सारख्या सारख्या सांगितल्या जातात, त्यांना पॉलिश चढतं, आणि काही वर्षांत त्या माणसाच्या जागी त्या गोष्टीच उरतात. ‘सोशिक व धार्मिक’ हा जसा एक साचा आहे तसाच ‘धमाल आजी’ हाही साचाच. तुमच्या मुलांना आत्ता तो फार आवडतोय, पण वीस वर्षांनी त्यांच्यातल्या एखाद्याचं स्वतःचं काही बिनसेल तेव्हा त्याला नुसती धमाल आजी उपयोगी पडणार नाही. त्याला ती दुपार हवी असेल.

लिहायला बसल्यावर अडता म्हणताय, म्हणून बोलायचं कसं तेही थोडं सांगते. विशेषणं टाळा. ‘आई अत्यंत विनोदी होती’ म्हटलंत की समोरचा माणूस मान डोलावतो आणि जेवणातल्या जिलबीचा विचार करायला लागतो. त्याऐवजी तिचं एखादं वाक्य तिच्याच तोंडचं, तिच्याच चालीवर म्हणा. नोटांचं वाक्य तर आहेच. नाशिकरोडच्या माणसांना ते दुप्पट लागू पडेल, कारण तिथे निम्म्या घरांत कोणी ना कोणी प्रेसला होतं. तिच्या शिव्याही असतील. प्रत्येक आजीच्या असतात. ‘मेल्या’, ‘मुडद्या’ इतपत चालतं वर्षश्राद्धाला, त्यापुढच्या शिव्या रात्री पत्त्यांच्या वेळी काढा. सहा गोष्टी अर्ध्यामुर्ध्या सांगण्यापेक्षा एक पूर्ण सांगा: कुठली साडी, कोण कोण होतं, ती आधी काय म्हणाली, मग काय झालं, जावई रंगातून वर आला तेव्हा त्याचा चष्मा होता का. आणि एक गोष्ट अशी शोधा ज्यात ती हरते. फसवताना पकडली गेली, रुसली, चिडली, चुकली. मेलेल्या माणसाला सगळे जिंकूनच देतात, त्यामुळे ते माणूस वाटेनासं होतं.

साहित्य कमी पडत असेल तर घराबाहेर जा. भिशीतल्या बायका, भाजीवाली, शेजारीण, सकाळी फिरायला जाताना भेटणाऱ्या, देवळातल्या. आई घरात जी होती त्याच्याहून निराळी तिथे असते. एक प्रश्न मी मुद्दाम सुचवते: १९६९च्या पुरात ती कुठे होती? गोदावरीचा तो पूर जुन्या नाशकातल्या कोणाला विचारा, अजून सांगतात. तुमच्या आईचं वय तेव्हा विशीच्या आसपास. पुढे ती तुम्हाला पूर बघायला का नेत असे, याचं उत्तर कदाचित तिथे सापडेल. आपण पूर बघायला जातो म्हणजे काय करतो? पुलावर दाटीवाटीने उभं राहून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते एकमेकांना सांगतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला. काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचा विषय निघाला की म्हातारी माणसं पुढे सरसावतात. बाहेरगावच्या माणसाला यात मजा काय ते कळत नाही, आणि आपल्याला समजावून सांगता येत नाही. तुमच्या आईचं कोणी माहेरचं अजून असेल, मामा, मामी, आत्तेबहीण, तर त्यांच्याकडे हा प्रश्न घेऊन आधी जा. ही माणसं थांबत नाहीत फार.

वर्षश्राद्ध रामकुंडावर करणार असाल तर तीर्थोपाध्यायांना जुन्या नोंदींबद्दल जरूर विचारा. नाशिकच्या उपाध्यायांकडे गावागावांच्या, कुळाकुळांच्या वह्या असतात. पणजोबांची नोंद समोर आली तर मुलांना नक्की दाखवा. पण तिथे नाव असतं, गाव असतं, कोणाचा कोण ते असतं. पणजी हसायची कशी, ते कोणीच लिहून ठेवलेलं नसतं. दादाच्या पुस्तिकेने एवढं एक काम केलं तरी कागद वसूल झाला म्हणायचं.

आणखी एक काम, आणि हे आजच करा, भाषण राहू द्या. आईचा मोबाइल कुठे आहे? प्रीपेड नंबर बरेच दिवस वापरला नाही की कंपनी तो बंद करते आणि पुढे दुसऱ्या कोणाला देते. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं १२० दिवस वापरात नसेल तर काढून टाकलं जाऊ शकतं. वर्ष होत आलंय, म्हणजे तिच्या फोनवरचं गेलेलं असू शकेल. पण तिने तुम्हाला पाठवलेलं तुमच्या फोनवर आहे. ‘हॅलो… हॅलो… लागलं का गं हे?’ अशी सुरू होणारी व्हॉइस नोट नसेल असं होणार नाही, या पिढीच्या सगळ्या बायकांची पहिली नोट तशीच असते. त्या चॅटमध्ये जाऊन ‘एक्स्पोर्ट चॅट’ निवडा, फोटो-आवाजासकट घ्या, आणि ते फक्त फोनमध्ये न ठेवता कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा. चॅट मोठं असेल तर सगळं एका वेळी येत नाही. तेव्हा महत्त्वाच्या नोट एक एक करून स्वतःला मेल करा. भावाला, मुलांना, नणंदेला, सगळ्यांना तेच करायला सांगा. ऐकायची घाई नाही. काही जणांना पहिलं वर्षभर आवाज सहन होत नाही. नुसतं जपून ठेवा.

बाबांचं जरा वेगळं आहे. तुम्हाला बोलून मोकळं व्हायचंय, त्यांना नाही. त्यात त्यांचं चुकत नाही आणि तुमचंही. प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस म्हणजे आयुष्यभर गेटवर झडती देऊन घरी आलेला माणूस. आतलं बाहेर न्यायचं नाही, ही त्यांची सवय नोकरीइतकी जुनी असेल. (हा माझा विनोद आहे, निदान नव्हे.) ‘बाबा, आईबद्दल बोला ना’ असं म्हणू नका. त्याऐवजी कामाचं विचारा. ‘आई मिसळीच्या कटाला कुठलं तिखट वापरायची?’ ‘दिवाळीची पणती तिने कुठे ठेवलीय?’ ‘झब्बूत जास्त कोण फसवायचं, ती की तुम्ही?’ उत्तर आलं तर आलं. उठून आत गेले तर जाऊ द्या, मागोमाग जाऊ नका. त्या कंसातल्या दुपारविषयी त्यांना तुम्हीच विचारा, पण एकटे असताना आणि एकदाच.

बाकी थोडं लक्ष ठेवा. जेवण तुटलंय का, रात्री जागतात का, बीपी-शुगरच्या गोळ्या वेळेवर घेतात का, ‘आता कशाला जगायचं’ असं काही तोंडून येतं का. असं काही दिसलं तर ‘वर्ष झालं की होईल ठीक’ म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ‘टेली मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीतून बोलता येतं. तुम्हाला स्वतःला लागला तरी करा.

पत्त्यांबद्दल तुमच्या मुलांना माझा पूर्ण पाठिंबा कळवा. एवढंच की ते वर्षश्राद्धाच्या जेवणानंतर, पाहुणे असताना नको. दादाला ज्या घरात सकाळी पिंडदान केलं त्याच घरात दुपारी ‘झब्बू!’ असा आरडाओरडा ऐकायला लावणं त्याच्यावर अन्याय आहे, आणि मुलांनाही मोकळेपणाने खेळता येणार नाही. कोणीतरी लांबची काकू दारात उभी राहून ‘काय हे’ म्हणणारच. रात्री फक्त घरचे उरल्यावर खेळा, किंवा आईच्या वाढदिवसाला. कॅट तोच घ्या. चौकट गुलाम पोथीतून काढून पुन्हा पानांत घालायचा की पोथीतच ठेवायचा, हे मुलांनी ठरवावं, मोठ्यांनी त्यात बोलू नये. आणि कोणीतरी फसवायला हवं. आजीच्या नावाचा डाव आणि सगळे नियमाने खेळतायत, हे तिला मानवणार नाही. मला वाटतं बाबा आतल्या खोलीतून ऐकत बसतील. पानं वाटताना त्यांचंही वाटा, कोणी काही न बोलता. आले तर आले.

पुढचं एक लक्षात असू द्या. बाबा हयात आहेत, म्हणजे पितृपक्षात आईची तिथी अविधवा नवमीला येईल, तुमच्याकडे तशी रीत असेल तर. पहिल्या वर्षी सगळे येतात, भाषणं होतात, पुस्तिका निघते. दुसऱ्या वर्षापासून गर्दी ओसरते आणि तेव्हा खरं तिचं ताट कोण वाढणार ते ठरतं. तिला काय आवडायचं ते आत्ताच लिहून ठेवा. खीर-वड्यांच्या जोडीला शेव किंवा पापड ठेवावासा वाटला तर ठेवा, त्याबद्दल कावळ्याने तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता रहाड. वेड लागलेलं नाही. वर्षभर तुमच्या घरी सण झाला नाही, वर्षश्राद्धानंतर पहिला मोठा रंगाचा सण हाच, आणि तो तुमच्या आईच्या गल्लीतला. मुलांना सांगा की या रहाडी पेशवाईपासूनच्या आहेत, एरवी लाकडी ओंडके टाकून वर माती लोटून बुजवलेल्या असतात, वाहनं त्यांच्यावरून जातात, आणि फक्त रंगपंचमीसाठी उघडतात. त्यांच्या आजीच्या लहानपणी हे असंच होतं. उडी मारतात त्याला ‘धप्पा’ म्हणतात हे त्यांना माहीत असेलच, पण खरा धप्पा पाणी किती अंगावर उडतं त्यावरून ठरतो, हे तिवंध्याच्या नातवंडांना शिकवायला हवं.

फक्त काही गोष्टी बघून घ्या. रहाड चांगली खोल असते, पोहता येत नसेल तर एकटीने उडी मारू नका. शेजारी पोहणारं माणूस ठेवा आणि कडेच्या बाजूला राहा. गुडघ्याचं, कंबरेचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, उगाच हौसेला नाट लागायला नको. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवलीय का याची चौकात दोन दिवस आधी चौकशी करा, संध्याकाळची गर्दी तुम्हाला झेपणार नाही. केसांना आणि अंगाला तेल चोपडा, जुना सुती पंजाबी ड्रेस घाला, साडी नको, ओली साडी पायात अडकते. कानातलं-गळ्यातलं घरी. चष्मा असेल तर तोही.

दादाला बोलवा. उडी मारायला नव्हे, नुसतं बघायला ये म्हणावं, आईची गल्ली बघून किती वर्षं झाली तुला. तो आलाच, आणि काठाच्या फार जवळ उभा राहिला, तर ढकलण्याआधी त्याचा मोबाइल तेवढा काढून घ्या.